कुटाराचा बोळा

शहराचं नाव कशाला सांगायचं? अमरावती म्हणा, अकोला म्हणा, नाला सगळीकडे सारखाच काळा. शहर अंग धुतं, भांडी घासतं, नको ते पाण्यात सोडून मोकळं होतं. ते पाणी पुढे कुठं जातं हे शहराला ठाऊक नसतं. वच्छलाला ठाऊक होतं. शहराच्या खालच्या अंगाला, दोन कोसांवर, नाल्याच्या काठी त्यांचा सव्वा एकराचा तुकडा होता. तीस वर्षं त्या तुकड्यावर पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मुळा याच पाण्यावर पिकत आलं होतं.

नवी नवरी होऊन आली तेव्हा ती नाकाला पदर लावून वाफ्यात उतरायची. सासू म्हणाली होती, "नाक झाकशीन त पोट उघडं पडीन, पोरी." वर्षभरात पदर सुटला. मग तर तिला नुसत्या पाण्यावरून शहराची वेळ कळू लागली. सकाळी आठला नाला फुगायचा, म्हणजे शहर आंघोळीला बसलं. दुपारी राखेचं, खरकट्याचं पाणी. दिवाळीच्या पहाटे तर फेस यायचा, उटण्याच्या वासाचा. पहाटे चार ते सहा मात्र नाला मेल्यासारखा पडून असायचा. शहर झोपलेलं असायचं ना!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काठावरची सगळी घरं मिळून नाल्याला बांध घालायची. मातीनं भरलेली पोती एकावर एक रचायची आणि मधल्या फटींत बोळे कोंबायचे. बोळा करणं बायांचं काम. जुनं लुगडं दुमडून त्यात तुरीचं कुटार, मळणीनंतर उरतो तो भुसा, दाबून भरायचं आणि गोधडीसारखं दाट टाचायचं. कुटार पाणी प्यायलं की फुगतं आणि फट अशी धरतं की थेंब सुटत नाही. चैतात काम झालं की विळ्यानं बोळा फाडायचा, कुटार वाहून जायचं, बांध मोकळा. वच्छलाचा बोळा काठावर नावाजलेला. शेजारच्या वावरातले अब्दुल गफ्फार म्हणायचे, "भाभी का बोळा मतलब सिमेंट!" वच्छला तोंडावर पदर घेऊन हसायची, पण तिला ते आवडायचं.

तर शहर स्मार्ट करायचं ठरलं. चौकाचौकात पाट्या लागल्या, रस्ते उकरले गेले. एक दिवस पिवळी मशीन नाल्याच्या काठानं खोदत खोदत देवमनच्या धुऱ्यापर्यंत, वावराच्या कडेपर्यंत आली. देवमन म्हणजे वच्छलाचा नवरा. तो विळा हातात घेऊन नुसता पाहत राहिला. काठची पट्टी नाल्याच्या हद्दीत, म्हणजे सरकारी. बोलणार काय? मोठाले पाईप जमिनीत गेले आणि वावराच्या कोपऱ्यात एक गोल चेंबर उभं राहिलं. पंधरा फूट खोल, आत लोखंडी पायऱ्या, वर जड झाकण. शहराचं सगळं घाण पाणी आता या पाईपातून जाणार, खाली तीन किलोमीटरवर प्लँट बांधलाय तिथं साफ होणार.

त्या प्लँटवर गोपाल लागला. गोपाल हा देवमनचा धाकटा भाऊ. वच्छला लग्न होऊन आली तेव्हा तो आठ वर्षांचा, नाकातून शेंबूड गळणारा पोरगा होता. वर्षभरात सासू गेली आणि तो वच्छलाच्या पदरात आला. तिला स्वतःला मूलबाळ झालं नाही. गोपालला तिनंच न्हाऊमाखू घातलं, त्याचं लग्न लावलं, वर्षालीला सून म्हणून उंबऱ्यावरून आत घेतली. आता तो अडतीसचा होता आणि ठेकेदाराचा निळा शर्ट घालून पंपावर बसत होता.

देवमन तेव्हा खुशीत होता. "घरचा मानूस पान्यावर बसला," तो साऱ्या काठाला सांगत सुटला. "आता काय भेव?"

दसऱ्याच्या आठ दिवस आधी प्लँटचं उद्घाटन झालं आणि नाला आटला. तरी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी सवयीनं बांध घातला, नारळ फोडला. बांधाला अडलं घोटाभर पाणी. चार दिवसांत त्याच्यात डास झाले.

"गोपाल," एका रात्री जेवताना देवमननं विचारलं, "थे साफ झालेलं पानी कुठी सोडता रे तुमी?"

"सोडत नाही दादा. पंपानं परत शहरात जाते. बगीच्यात कारंजं हाय न मोठं, रंगीत लाईटचं. अन् बाकीचं कारखान्याले."

"कारंज्याले?"

"हो."

"अन् आमी?"

गोपालनं भाकरीचा तुकडा नुसताच ताटात फिरवला. "साहेबाले इचारलं म्या. थे म्हनते, अर्ज करा."

देवमननं अर्ज केला. धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून तो शहरातल्या कार्यालयात गेला. काचेच्या दारातल्या शिपायानं त्याला तिथंच थांबवलं. "काका, चप्पल बाहेर. अन् जरा लांब उभे ऱ्हा, वास येऊन राहिला." देवमननं सकाळीच साबण लावून आंघोळ केली होती. तीन तासांनी आतल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही गटाराच्या पाण्यावर भाजी पिकवून लोकांना खाऊ घातली? आणि हे लिहूनही देता?" अर्ज त्यांनी ठेवून घेतला नाही. देवमन घरी आला, टोपी खुंटीला अडकवली आणि वच्छलाला एवढंच म्हणाला, "आपन घान हाओ म्हनते."

वाफ्यात बोटभर पालक उभा होता. पानं कडेनं पिवळी पडत चालली होती. काळी जमीन पाण्यावाचून भेगाळली की मुळं तोडते, वेळ देत नाही. वच्छला घागरीनं हापशीचं पाणी आणून चार वाफे जगवायची, कमरेत उसण भरली तरी आणायची. हा पालक गेला तर पुढच्या बियाण्याची सोय नव्हती, आणि काठावर निम्म्यांनी आधीच वावरं सोडून वरूडला संत्र्याच्या पेट्या भरायला जाणं धरलं होतं. देवमनला तिकडं जायचं नव्हतं. "बावन वर्साचा गडी दुसऱ्याच्या पेट्या भरीन काय?" तो चिडून म्हणायचा.

मग एक दिवस तो धुऱ्यावर बसून चेंबरच्या झाकणाकडे पाहत राहिला. आतून पाणी वाहिल्याचा आवाज येत होता. आठ वाजले होते, शहर आंघोळीला बसलं होतं.

"वच्छले," तो म्हणाला, "एक बोळा करून दे. मोठा."

तिला लगेच समजलं. "आवो, गोपालची नोकरी हाय तिथं."

"गोपाल पंपावर ऱ्हायते. चेंबरात उतरनारे दुसऱ्या ठेकेदाराचे लोक हायत. त्याले कोन इचारते? आन् वाहीन थे आपल्याच वावरात. महिनाभर. पालक निघाला का काढून टाकू."

वच्छलानं पेटीतून आपलं हिरवं लुगडं काढलं. गोपालच्या लग्नातलं, लाल काठाचं. दुसरं एवढं धड लुगडं घरात नव्हतं. दोन दिवस ती दुपारी गोठ्यात बसून टाचत होती. वर्षालीनं विचारलं तर म्हणाली, गोधडी करून राहिली. कुटार तिनं हातानं ठोकून ठोकून भरलं. काम करताना तिला, खरं सांगायचं तर, बरं वाटत होतं. इतक्या दिवसांनी हाताला ओळखीचं काम मिळालं होतं.

देवमननं संध्याकाळीच पहार लावून झाकण सरकवून ठेवलं. पहाटे, पाणी बसलेलं असताना, तो आत उतरला. पुढच्या पाईपाच्या तोंडात बोळा घातला, मागून मातीची दोन पोती दाबली. बोळ्याला नायलॉनची दोरी बांधून ती वरच्या पायरीला अडकवली. वेळ आली की वरूनच ओढून काढता येईल हा त्याचा हिशोब. वर येऊन झाकण लावलं तेव्हा खोकत होता, डोळे लाल होते.

"काय होते तिथं? नाल्यापरीस जरा जास्त वास, एवढंच," तो म्हणाला.

नऊ वाजता झाकणाच्या कडेनं काळं पाणी उमळून आलं. देवमन फावडं घेऊन पळत सुटला. एक वाफा भरला, दुसरा भरला. वच्छला घोट्याइतक्या पाण्यात उभी राहिली आणि तिला रडू आलं. पाणी कोमट होतं.

तिसऱ्या दिवशी अब्दुल गफ्फार धुऱ्यावर आले. त्यांनी वाहतं पाणी पाहिलं, झाकण पाहिलं आणि सगळं ओळखलं. देवमन त्यांना म्हणाला, "तुमच्या वावरातबी सोडतो, गफ्फारभाई."

"नको रे बावा. नाल्याची बात अलग हाय, हा बंद पाईप हाय, अंदर ग्यास बनते. माझा साला असाच टाकीत उतरला था, बाहेर आला तो चादरीत आला. तू काढ ते. अन् काढाले खुद उतरू नको."

"म्या उतरलो न! काय झालं मले?"

"तब रातभर झाकन खुल्ला था," गफ्फार म्हणाले. "अल्लाची मेहरबानी समज." आणि डोकं हलवत निघून गेले.

पालक मात्र उठला. आठ दिवसांत वीतभर झाला, पानं तळहाताएवढी. वच्छलानं पहिली जुडी कापली, सवयीप्रमाणे नाल्याच्या नावानं बांधावर नेऊन ठेवली आणि दुसरी घरी आणली. त्या रात्री गोपाल जेवता जेवता म्हणाला, "प्लँटवर पानीच येऊन नाही राहिलं. कुठीतरी चोक हाय. वरच्या वस्तीत संडासातून उलटं पानी येऊन राहिलं, लोक साहेबाले शिव्या देऊन राहिले. कारंजंबी बंद पडलं." त्यानं पालकाची भाजी भाकरीला लावली. "वैनी, भाजी लय ब्येस झाली. हापशीच्या पान्यावर एवढी आली?"

"आली बापा," वच्छला म्हणाली आणि चुलीत नसलेलं लाकूड सारू लागली.

देवमन खाली मान घालून जेवत राहिला. तिथंच तोंड उघडलं असतं तर! पण पालक अजून दोन तोडे द्यायचा होता.

दहाव्या दिवशी सकाळी चेंबरजवळ सक्शनची गाडी येऊन उभी राहिली. बरोबर पियुष नावाचा इंजिनीयर, वयानं गोपालपेक्षा लहान, गळ्यात ओळखपत्र, आणि प्लँटवरचे चौघं जण. त्यात गोपाल होता. वाहतं पाणी आणि भरलेले वाफे पाहून पियुष म्हणाला, "चोक इथंच आहे. यांच्या शेतात सगळं फुटलंय." गोपालनं एकवार हिरव्यागार पालकाकडे पाहिलं, मग देवमनकडे. देवमन वाफ्यात विळा घेऊन उभा होता, तसाच उभा राहिला.

वरची लाईन तीन तासांसाठी बंद केली होती. गाडीनं दोन तास पाणी ओढलं. शेवटी तळाला मांडीएवढा काळा गाळ उरला.

"उतरणारी माणसं कुठे आहेत?" पियुष फोनवर ओरडत होता. "तीन दिवस झाले, येतात येतात म्हणता! आणि तो हवेचा ब्लोअर? गोडाऊनला कुलूप? अरे, उद्घाटनाला तर आणला होता सगळा!" फोन खिशात घालून तो वळला. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. "गोपाल, तू उतर. पाच मिनिटांचं काम आहे. वरून शिव्या मला खायच्या आहेत."

"मी पंपावरचा हाओ साहेब."

"मग उद्यापासून पंपावर दुसरा शोधू?"

गोपालनं शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली. निळा शर्ट काढून त्यानं घडी घातली आणि धुऱ्यावर ठेवला. त्याच्या पाठीवर लहानपणी भाजल्याचा डाग होता, वच्छलाच्याच चुलीवरचा. वच्छलाला तो डाग दिसला. तिनं देवमनकडे पाहिलं. देवमन अजून वाफ्यातच उभा होता.

"थांब गोपाल!" वच्छला ओरडली. "उतरू नको! दोरी हाय आत!"

सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"पायरीले दोरी बांधेल हाय. वरूनच ओढा. बोळा निघते." ती चिखलातून पुढे आली. "आमीच कोंबला. म्या शिवला, यायनं घातला. गोपालले ठाव नाही. देवाची आन, याले काहीच ठाव नाही."

मग पियुष म्हणाला, "म्हणजे दहा दिवस शहराच्या घरांत मैला शिरतोय तो तुमच्या पालकासाठी?" त्याच्या मागचा एक जण हसला. गोपालनं हातानं तोंड पुसलं. त्याला कोणाकडे पाहावं ते कळत नव्हतं.

चौघांनी दोरी धरली आणि ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्या ओढीला दोरी सैल पडली आणि सगळे मागे आपटले. दोरीच्या टोकाला हिरव्या लुगड्याचा हातभर तुकडा आला होता, लाल काठासकट. बोळा जागच्या जागी होता. कुटार दहा दिवस पाणी पिऊन पाईपाच्या तोंडात घट्ट बसलं होतं. नाल्यात असता तर विळ्याच्या एका घावात फाटला असता.

गोपालनं तो काठ ओळखला. "वैनी, माह्या लग्नातलं लुगडं," तो म्हणाला.

तेवढ्यानं देवमन हलला. आतापर्यंत खांबासारखा उभा असलेला माणूस, सरळ चेंबरकडे चालू लागला. "सरका," तो म्हणाला. "माही घान मीच काढतो."

"दादा, दोरी बांध कंबरेले! थांब जरा!"

"दोरीनं काय होते रे? म्या उतरलोय अदुगर." त्यानं विळा दातात धरला आणि पायऱ्या उतरू लागला. पियुष "अहो काका, अहो" म्हणत राहिला, पण त्यानं हात काही धरला नाही.

वरून सगळ्यांनी पाहिलं. देवमन गाळात उभा राहिला, वाकला आणि त्यानं बोळ्यावर विळा मारला. एकदा. दुसऱ्यांदा मारला तेव्हा लुगडं फाटलं आणि फुगलेलं कुटार बाहेर आलं. खालचा गाळ ढवळला, बुडबुडे आले. तिसऱ्यांदा त्यानं हात उचलला. मग विळा हातातून सुटला आणि तो भिंतीला पाठ लावून, दमलेला माणूस बसतो तसा, गाळात खाली बसला.

"दादा!" गोपाल झेपावला.

त्याचा एक पाय पायरीवर पडलासुद्धा. वच्छलानं मागून त्याच्या कंबरेला मिठी मारली. तो ओढत होता, शिव्या देत होता, कोपरानं तिच्या छातीत मारत होता. तिनं सोडलं नाही. चिखलात गुडघे रोवले, डोळे मिटून घेतले आणि धरून ठेवलं. तिचा नवरा पंधरा फुटांवर खाली होता आणि ती दुसऱ्याच माणसाला धरून बसली होती. आरडाओरडा ऐकून अब्दुल गफ्फार आपल्या वावरातून पळत आले. "छोडना मत भाभी! दोनो जाएंगे!" म्हणत त्यांनीही गोपालला धरलं. दोघांखाली गोपाल उताणा पडला आणि आभाळाकडे पाहून लहान पोरासारखा बोंबलत राहिला.

खाली फाटलेल्या बोळ्यातून वाट झाली होती. गाळ गडगडत पुढच्या पाईपात निघाला. प्लँटकडे पाणी सुरू झालं.

अग्निशमनची गाडी चाळीस मिनिटांनी आली. हवेचं नळकांडं पाठीला लावलेल्या माणसानं देवमनला वर काढलं. त्याच्या अंगावर, मिशीत, कानात, सगळीकडे कुटार चिकटलेलं होतं. वच्छलानं ते एक एक करून वेचलं.

कागदावर आलं ते असं की सदर इसमानं स्वतःच लाईन अडवली आणि कोणाची परवानगी न घेता तो चेंबरमध्ये उतरला. खाली साक्षीदार म्हणून गोपालची सही घेतली. "खोटं थोडीच हाय?" सही करून आल्यावर तो वर्षालीला म्हणाला. त्याची नोकरी राहिली. नेमकं खरं बोलल्याचं बक्षीस की काय, देव जाणे.

तेरा दिवस गोपाल वच्छलाशी बोलला नाही. ती ताट वाढायची, तो भिंतीकडे तोंड करून जेवायचा. चौदाव्या दिवशी ती पहाटे वावरात गेली. पालक जून व्हायला लागला होता. कोणाला वाट पाहायला लावायची, बाजाराला की पालकाला? ती खाली बसून कापू लागली. ड्युटीवर जाताना गोपाल धुऱ्यावर थांबला. सायकल हातात, निळा शर्ट अंगात.

"वैनी."

ती कापायची थांबली.

"तू मले काहून धरलं?"

"तूबी गेला असता, बापा."

"थे समजते मले." तो सायकलच्या हँडलकडे पाहत म्हणाला. "दहा खेप इचार केला म्या. तू केलं थे बराबर केलं. म्हनूनच तुह्या तोंडाकडं पाह्यता येत नाही. तू चूक केली असती त भांडलो तरी असतो."

तिनं हातातली जुडी वेलानं बांधली, हिरव्या लुगड्याचा तो काठ कनवटीला होता तो नीट आत खोवला.

"डबा घेतला का?" तिनं विचारलं.

"घेतला."

तो गेला. ऊन वर आलं. चेंबरच्या झाकणाखाली पाणी फुगल्याचा आवाज आला, म्हणजे आठ वाजले होते आणि शहर आंघोळीला बसलं होतं. वच्छला ऐकत राहिली. पाणी तिच्या वावराखालून प्लँटकडे चाललं होतं, गोपालच्या पंपाकडे. तिच्या वाफ्यात भेगा पडायला लागल्या होत्या. तिनं उरलेला पालक कापून घेतला.